फॉरमॅट मारण्याआधी

घरचा कॉम्प्युटर जरा रेंगाळायला लागला की निदान ठरलेलं: "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारा." बहुतेक वेळा दोष जुन्या हार्ड डिस्कचा, अपुऱ्या रॅमचा नाहीतर उघड्या ठेवलेल्या चाळीस टॅबचा असतो. मंदपणा म्हणजे व्हायरस, ही समजूत फ्लॉपीच्या काळातली. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेल्या 'ब्रेन' व्हायरसने फ्लॉपी खरोखरच मंदावायची, आणि त्यात त्या भावांची नावं, पत्ता आणि फोन नंबरही होता. व्हायरस चक्क व्हिजिटिंग कार्ड ठेवून जायचा!

आजचा चोर पायही वाजू देत नाही. 'इन्फोस्टीलर' जातीचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज गोळा करून पाठवून देतो आणि कित्येकदा स्वतःलाही पुसून टाकतो. कॉम्प्युटर कालच्यासारखाच चालू. यातलाच एक 'लुमा'. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत तो ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरांत सापडल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं.

"पासवर्ड कुणाला सांगितला नाही, ओटीपीही दिला नाही, मग मेल उघडलं कसं?" उत्तर कुकीत आहे. वॉटर पार्कच्या दारात तिकीट बघून मनगटाला कागदी पट्टा बांधतात. नंतर दिवसभर कुणी तिकीट विचारत नाही. लॉगिन झाल्यावर वेबसाइट ब्राउझरला असाच पट्टा देते. चोराने तोच पळवला, तर त्याला पासवर्ड किंवा ओटीपी विचारायची वेळच येत नाही. बँकेच्या साइटचा पट्टा काही मिनिटांत बाद होतो, मेल आणि सोशल मीडियाचा मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो.

"अँटिव्हायरस आहे ना!" एकेकाळी नव्या पीसीबरोबर अँटिव्हायरसची सीडी घेणं हा आपल्याकडे रिवाजच होता, पुण्याची क्विक हील त्यातच मोठी झाली. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर विंडोजमध्येच येतो आणि घरगुती वापराला तो माझ्या मते पुरेसा आहे. दोन-दोन अँटिव्हायरस घातल्याने पहारा दुप्पट होत नाही, ते एकमेकांच्याच पायात येतात. खरी अडचण वेगळी आहे: हल्लीचा चोर दार आपल्याच हातून उघडून घेतो.

२०२४ पासून पसरलेली एक युक्ती बघा. एखादं पान 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणतं. तुम्ही चौकटीत टिक करता. मग सूचना येते: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तुम्ही टिक केलंत त्याच क्षणी त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. ती पेस्ट करून चालवता तुम्ही, स्वतःच्या हाताने. अँटिव्हायरस कधी पकडतो, कधी मालकाचंच काम समजून सोडून देतो. खरा कॅप्चा ब्राउझरबाहेरचं एकही बटण दाबायला सांगत नाही. घरातल्या मोठ्यांना आणि पोरांना एवढं एक वाक्य पाठ करायला लावा.

"वर कुलूप दिसतंय, म्हणजे साइट खरी." कुलपाचा अर्थ इतकाच, की वाटेत तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे कुलूप सांगत नाही. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था २०१५ पासून प्रमाणपत्रं फुकट देते. छोट्या साइटवाल्यांची त्याने मोठी सोय झाली, तशी भामट्यांचीही. गूगलच्या २०२१ च्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ जेमतेम ११ टक्के लोकांना सांगता आला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं.

ब्राउझरमधलं इन्कॉग्निटोही वाचवत नाही; ते फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवरचा माग पुसतं, मालवेअर अडवत नाही. आणि "मॅकला काही होत नाही" म्हणणाऱ्यांसाठी एकच आकडा: २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक' या मालवेअरने सहा लाखांवर मॅक पोखरले होते.

अपडेटचा कंटाळा मात्र महागात पडतो. ज्या भगदाडातून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम १२ मे २०१७ रोजी जगभर घुसला, ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. विंडोज १० ला नेहमीची मोफत अपडेट देणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. विंडोज १० असलेल्या घरांनी याची नोंद घ्यावी.

पण अपडेट उलटतंही, विशेषतः एक्स्टेन्शनचं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे टॅब झोपवणारं गुणी एक्स्टेन्शन सुमारे २० लाख लोक वापरत. २०२० मध्ये ते विकलं गेलं, नव्या मालकाच्या हाती त्याचे गुण बदलले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून बंद केलं. वापरणाऱ्यांनी नवं काहीच बसवलं नव्हतं. म्हणून जे एक्स्टेन्शन सहा महिन्यांत लागलं नाही, ते काढून टाकावं.

आता फॉरमॅटचं. त्याने कॉम्प्युटर साफ होईल, पण बाहेर गेलेली कुकी परत येणार नाही. संशय आला की आधी नेट तोडा. मग फोनवरून, त्या कॉम्प्युटरला हात न लावता, मेलपासून सुरुवात करून पासवर्ड बदला आणि 'सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट' करा, म्हणजे चोरीला गेलेले पट्टे बाद होतील. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. फॉरमॅट त्यानंतर, सावकाश.