गांजाच्या अतिधूम्रपानाचे दुष्परिणाम
गांजा म्हणजे भांगेच्या मादी झाडाचे वाळवलेले राळयुक्त फुलोरे. ते चिलमीतून नित्य ओढणाऱ्यास जुनाट खोकला, कफ व श्वासनलिकादाह जडू शकतो. तंबाखूच्या धुरातील अनेक विषारी द्रव्ये याही धुरात असतात, हे ओढणारे सहसा मानत नाहीत. स्मरणशक्ती व एकाग्रता मंदावते. किशोरवयात सुरुवात केल्यास चित्तभ्रमाचा धोका अधिक असतो.

हा वाद जुना आहे. १८९३-९४ मध्ये भारतीय भांग आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी तपासल्या. केशोरीचा परिसर, म्हणजे आजचा गोंदिया जिल्हा, ज्या मध्य प्रांतात होता तेथेही चौकशी झाली. वेडाचे कारण म्हणून गांजाचे नाव अनेकदा पुराव्याविनाच लिहिले गेल्याचे आढळले. मात्र अतिसेवन अपायकारक असल्याचे आयोगानेही मान्य केले.