मीटरपासून गाडीपर्यंतची वायर

विजेच्या मोटारीचा विषय निघाला की सातारा-सांगलीकडे पहिला प्रश्न अजूनही तोच असतो: एकदा चार्ज केली की पुण्यापर्यंत जाते का? जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली तेव्हा हा प्रश्न अगदी रास्त होता. चाचणीतला तिचा पल्ला 312 किलोमीटरचा; पण घाटाचा चढ, एसी आणि भरलेली डिकी धरली की हातात त्याहून बरेच कमी उरायचे, आणि सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. वाटेत चार्जिंगची सोय सापडेलच याचा भरवसा नव्हता. त्यानंतर बॅटऱ्या मोठ्या झाल्या, महामार्गालगत हॉटेलांच्या आणि पंपांच्या आवारात चार्जर उभे राहिले. तरी प्रश्न तोच राहिला, कारण खरी अडचण जिथे आहे तिकडे आपले लक्षच जात नाही. ती अडचण घराच्या मीटरपासून दारात उभ्या असलेल्या गाडीपर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांत आहे.

रोजची धाव मोजली की हे पटते. कोरेगावहून साताऱ्याला नोकरीसाठी येणारा, तासगावहून सांगलीच्या मार्केट यार्डात येणारा, विश्रामबागेतून मिरजेला जाणारा, यांचे दिवसाचे अंतर बहुधा पन्नास किलोमीटरपर्यंतच. छोटी विजेची मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे दिवसाला सात-आठ युनिट पुरतात. गिझरसाठी बसवतो तसल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिट गाडीत जातात. रात्री जेवण झाल्यावर वायर लावली तर मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात दिवसभराची भरपाई झालेली असते. आणि याच बाबतीत या दोन जिल्ह्यांची बाजू मुंबई-पुण्यापेक्षा भक्कम आहे. स्वतःचे घर, पुढे थोडे अंगण, अंगणात गाडी आणि भिंतीवर आपल्याच नावाचे मीटर, हे मोठ्या शहरातल्या फार थोड्यांच्या नशिबी असते. साताऱ्याच्या शाहूपुरी-गोडोलीत, सांगलीच्या वारणालीत आणि खेड्यापाड्यांत तर हे चित्र नेहमीचे. विजेची मोटार आधी महानगरात रुजेल आणि मग हळूहळू जिल्ह्यांकडे सरकेल, हे गृहीत म्हणूनच मला उलटे वाटते. घरी चार्जिंग करण्याची जागा आपल्याकडे जास्त आहे.

जागा आहे, पण वायरिंग तयार नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घराचे वायरिंग दिवे, पंखे, टीव्ही आणि फार तर फ्रिज डोळ्यांपुढे ठेवून केलेले असते. गिझर दहा-पंधरा मिनिटे चालतो. गाडी तेवढाच भार सलग तीन-चार तास, मोठी बॅटरी रिकामी असेल तर दहा तासांहूनही जास्त ओढते. बारीक तार, सैल जोड आणि हलक्या प्रतीचा सॉकेट इतका वेळ तो भार सोसत नाहीत. आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिक वितळते. मीटरपासून गाडीच्या सॉकेटपर्यंत स्वतंत्र जाड तार, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी, एवढे केले की हा धोका जवळपास संपतो. त्याहून दुर्लक्षित बाब अर्थिंगची. गाडीसोबत मिळणारा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर चालूच होत नाही. पुष्कळांना गाडी बिघडली असे वाटते. बिघडलेले असते ते घर. साताऱ्यासारख्या गावात मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण; तिथे मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग निकामी होते. त्यात पाणी घालत राहावे लागते हे जुन्या वायरमनला ठाऊक असते, घरमालकाला नसते. सात किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर हवा असेल तर महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो, कारण कित्येक घरांचा मंजूर भार दोन-तीन किलोवॉटचाच असतो. रोजच्या पन्नास किलोमीटरसाठी त्या चार्जरची गरज नाही, हेही गाडी विकताना स्पष्ट सांगितले जायला हवे.

ज्यांना अंगण नाही त्यांचे दुखणे वेगळे. सांगलीतल्या अपार्टमेंटमध्ये पार्किंग खाली आणि मीटर जिन्याजवळच्या फळीवर. मधली वायर सामाईक भिंतीवरून न्यायची तर सगळ्यांची संमती लागते. इमारत सोसायटीची असो की 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची, बैठकीत हरकती त्याच: वीज कोणाच्या मीटरवरून, आग लागली तर जबाबदार कोण, आज एकाला दिले तर उद्या दहा जण मागतील. पहिल्या हरकतीचे उत्तर कायद्यातच आहे. आपल्या जागेत आपली गाडी चार्ज करायला परवाना लागत नाही. ती त्या जागेच्या दरानेच करता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियम दुरुस्त केले आणि गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची वाट मोकळी केली. नवी जोडणी नगरपालिका हद्दीत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यावी, असेही त्यात आहे. दहा जण मागतील ही हरकत मात्र खोटी नाही. इमारतीची केबल आणि गल्लीतली डीपी (ट्रान्सफॉर्मर) दोन्ही मोजक्या भारासाठी बसवलेल्या असतात. म्हणून एकेकट्याने भांडून परवानगी मिळवण्यापेक्षा इमारतीने एकदाच भार वाढवून घ्यावा, पार्किंगपर्यंत एक मोठी केबल न्यावी आणि ज्याला लागेल त्याने तिच्यातून उपमीटर लावून घ्यावा. खर्च वाटला जातो आणि वायरींचे जाळेही होत नाही.

बिलाचा धसका मात्र पुष्कळांना मागे खेचतो. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे चार्जिंगमधली गळती धरून साधारण 160 युनिट. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. दीडशे युनिट वापरणारे घर गाडी आल्यावर तीनशेच्या उंबरठ्यावर जाते आणि वाढलेली बहुतेक वीज महागड्या टप्प्यातली असते. तरीही किलोमीटरमागचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून कमीच राहतो. छपरावर सौर पॅनेल असतील तर हिशेब आणखी बदलतो. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि गाडीची महिन्याची गरज भागवायला दीड किलोवॉटचे पॅनेल पुरते. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यातल्या छोट्या गावाला जे जमले ते जत-आटपाडीच्या रखरखीत उन्हात जमायला काय हरकत आहे? एक पेच उरतो. जुलै 2025 पासून महावितरणने घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू केली, कारण तेव्हा सौर वीज मुबलक असते. पण त्या वेळी गाडी घरी नसते, कामावर असते.

सांगलीकरांचा आक्षेप पाण्याचा असतो, आणि तो ज्याने ऑगस्ट 2019 पाहिला त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती; 2021 मध्ये पुन्हा तीच धडकी भरली. मोटारीच्या बॅटरीला सहसा जे आयपी 67 मानांकन असते ते मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याचे आहे. साचलेल्या पाण्यातून जाण्यासाठी ते पुरेसे आहे. चार दिवस पुरात उभे राहण्यासाठी नाही. पूररेषेतल्या घरात चार्जरचा स्विच कमरेच्या उंचीवर लावणे चूकच. तो वर हवा, आणि इशारा पातळी गाठली की गाडी आधी उंचावर गेली पाहिजे. पेट्रोलच्या गाड्याही त्या पुरात निकामी झाल्याच होत्या. आगीची भीती 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्यांतून आली. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. मोटारीच्या बॅटरीला थंड ठेवण्याची आणि तिच्यावर नजर ठेवण्याची व्यवस्था पहिल्यापासूनच जास्त चोख असते. गाडीची वीज शेवटी कोळशातूनच येते, हा आणखी एक आक्षेप, आणि तो खरा आहे. कोयनेची 1,960 मेगावॉटची वीज आणि चाळकेवाडी-ढालगावच्या पवनचक्क्या आपल्या डोळ्यांसमोर असल्या, तरी त्यांची वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि त्या जाळ्यात कोळशाचाच वाटा मोठा. पण विजेची मोटर दिलेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग चाकाला देते, तर पेट्रोलचे इंजिन बहुतांश ऊर्जा उष्णतेतच घालवते. शिवाय जाळे दरवर्षी थोडे स्वच्छ होते, आणि त्यासोबत आज घेतलेली गाडीही.

लोकांचे मन बदलायला वेळ लागतो, हे या मातीला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तोच नांगर महाराष्ट्रभर गेला. शेजारच्या शेतात तो चाललेला दिसला, तेव्हा भीती गेली. विजेच्या मोटारीचेही तसेच होईल, पण शेजाऱ्याच्या दारात ती बिनतक्रार चार्ज होताना दिसली तर. सरकारचे लक्ष मात्र मोठ्या रस्त्यांकडे आहे. राज्याच्या 2025 च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोल माफ केला. आनेवाडी आणि खेड-शिवापूरच्या नाक्यांवर त्याचा उपयोग नाही, कारण तो रस्ता केंद्राचा. सातारच्या पेठांत किंवा सांगलीच्या गावभागात वाड्यात राहणारा, गाडी रस्त्यावर लावणारा माणूस तर कुठल्याच धोरणात नाही. त्याला घरी सॉकेट मिळणार नाही. पण दिवसा त्याची गाडी जिथे आठ तास उभी असते, त्या मार्केट यार्डात, महाविद्यालयात, सहकारी बँकेच्या आवारात, कारखान्याच्या पार्किंगमध्ये ती चार्ज होऊ शकते, तीही सवलतीच्या वेळेत. साध्या पंधरा अँपिअरच्या वीस सॉकेटांना एका जलद चार्जरपेक्षा खर्च कितीतरी कमी येतो. उसाच्या चिपाडापासून वीज करून महावितरणला विकणारे सहकारी साखर कारखाने या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. सुरुवात त्यांच्या फाटकाच्या आत, कामगारांच्या गाड्यांपासून करता येईल.