गंगेच्या डॉल्फिनचे हरवलेले भाऊबंद

आमच्या खोपट भागात एखादी जुनी इमारत पाडली आणि नव्या इमारतीसाठी पाया खणायला घेतला, की माती आणि मुरुमाखाली काळा, कठीण दगड लागतो. बघ्यांमध्ये उभं असताना मला हमखास कोणीतरी विचारतं, ''काय हो, या दगडात जीवाश्म वगैरे सापडतो का? म्हणजे एखादा मासा, एखादा सांगाडा?'' मी 'नाही' म्हणतो. पण हे 'नाही' का, हे सांगायला बसलो तर गोष्ट ठाण्याहून कच्छला, कच्छहून काश्मीरच्या पायथ्याला आणि तिथून थेट दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात जाते. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

ठाण्याचा हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि त्यातून आपला सह्याद्री आणि दख्खनचं पठार तयार झालं. तापलेल्या लाव्हात प्राण्यांचे अवशेष टिकणं जवळपास अशक्य. दोन थरांच्या मधल्या शांत काळात मात्र कुठे कुठे तळी साठली. मुंबईत वरळीला अशाच तळ्याच्या गाळात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म मिळाले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पण बेडूक मिळाले तरी डॉल्फिन किंवा देवमासा मिळायचा नाही, कारण तेव्हा तो जन्मालाच आला नव्हता. पहिला देवमासा त्यानंतर दीडेक कोटी वर्षांनी आला. आपल्या पायाखालचा दगड देवमाशाच्या साऱ्या कुळापेक्षा वयाने मोठा आहे.

मग हे कूळ जन्माला आलं कुठे? आपल्याच उपखंडाच्या वेशीवर. त्या काळी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडत होता. दोन्हींच्या मध्ये टेथिस नावाचा उबदार समुद्र होता आणि त्याच्या उथळ किनाऱ्यांवर, नद्यांच्या मुखांशी, जमिनीवरचे काही प्राणी पाण्यात उतरू लागले होते.

यातला एक पुरावा मिळाला, त्याची हकिगत मोठी रंजक आहे. ए. रंगा राव नावाचे भूशास्त्रज्ञ जम्मूकडच्या कालाकोट भागातून जीवाश्मांचे दगड गोळा करून आणत. त्यातल्या एका खुरवाल्या प्राण्याला त्यांनी १९७१ मध्ये 'इंडोह्यस' असं नाव दिलं. पुढे रंगा राव वारले. बरेचसे दगड न फोडता तसेच घरात पडून होते. त्यांच्या पत्नीने ते अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसन यांच्या स्वाधीन केले. दगड साफ करताना प्रयोगशाळेतल्या मदतनिसाच्या हातून एका कवटीचं कानाजवळचं हाड तुटलं, आणि त्या तुटलेल्या जागी दिसलं की हाडाची आतली कड विलक्षण जाड आहे. असा जाड कान तोवर फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्यातच माहीत होता. २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी देवमाशांचा जवळचा नातलग ठरला.

कानाला एवढं महत्त्व का, असं तुम्ही विचाराल. शेपूट, पाय, दात बदलत जातात. जलचराची सवय लागली की निरनिराळ्या प्राण्यांना सारखाच आकार येतो. मासा आणि डॉल्फिन बाहेरून सारखे दिसतात ते त्यामुळेच. कानाच्या हाडाची घडण मात्र नातं सांगते. शिवाय हे हाड घट्ट असल्यामुळे बाकीचा सांगाडा नाहीसा झाला तरी ते बरेचदा शिल्लक राहतं.

कच्छमध्ये तर याहून पुढचे पुरावे आहेत. लखनौ विद्यापीठातले अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्र यांनी १९७०च्या दशकात तिथल्या हरुडी गावाजवळच्या खडकांतून आद्य देवमासे शोधून काढले. एका जातीच्या शास्त्रीय नावात हरुडी हे गाव कायमचं जाऊन बसलं आहे. २००० साली सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी 'कच्छिसेटस' नावाचा आणखी एक लहानसा देवमासा जाहीर केला. या प्राण्यांना चार पाय होते, मुस्कट लांब होतं, डोळे बारीक होते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नव्हता. ही बारीक डोळ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

इथून हे कूळ पसरलं, आणि ते किती वेगाने हे पाहून थक्क व्हायला होतं. २०१९ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरचा एक चार पायांचा देवमासा जाहीर झाला. बोटांच्या टोकाला खुरासारख्या नख्या, म्हणजे जमिनीवरही चालू शकणारा. त्याचं वय ४ कोटी २६ लाख वर्षं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून अटलांटिक ओलांडून तो तिकडे गेला असावा, असं संशोधक मानतात. तेव्हा अटलांटिक आजच्यापेक्षा बराच अरुंद होता. त्यानंतर थोड्याच काळात मागचे पाय खुरटले, आणि देवमासे पूर्णपणे सागराचे झाले. पुढे त्यांच्यातल्या दात असलेल्या शाखेने आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधायची कला साधली. डॉल्फिन याच शाखेतले.

आता गंगेकडे येऊ. गंगेत आणि ब्रह्मपुत्रेत एक डॉल्फिन राहतो. श्वास घ्यायला वर येताना 'सूं सूं' असा आवाज करतो, म्हणून उत्तरेत त्याला सूंस म्हणतात. त्याच्या डोळ्यांत भिंगच नाही. उजेड कुठून येतो एवढंच काय ते त्याला कळतं, बाकी सगळा कारभार प्रतिध्वनीवर. कच्छच्या त्या बारीक डोळ्यांच्या पूर्वजांची आठवण होते, पण हा वारसा नव्हे. गढूळ पाण्याने दोन वेळा, कोट्यवधी वर्षांच्या अंतराने, सारखाच धडा शिकवला इतकंच.

या सूंसचे जवळचे नातलग आज एकाच ठिकाणी आहेत, सिंधू नदीच्या खोऱ्यात. पण जीवाश्म काही निराळंच सांगतात. १९५१ मध्ये अलास्कात मिळालेली एक कवटी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात अनेक वर्षं पडून होती. २०१६ मध्ये तिचा अभ्यास झाला, तेव्हा ती सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या, सूंसच्या नात्यातल्या डॉल्फिनची निघाली. २०१८ मध्ये पेरूत, ॲमेझॉन खोऱ्यातल्या नापो नदीकाठी आणखी एक कवटी मिळाली आणि २०२४ मध्ये ती जाहीर झाली. वय १ कोटी ६० लाख वर्षं. प्राण्याची लांबी तीन ते साडेतीन मीटर, म्हणजे आपल्या ठाण्यातल्या रिक्षापेक्षा जास्त. ॲमेझॉनमध्ये आज गुलाबी डॉल्फिन आहे, तेव्हा हा त्याचा पूर्वज असणार असं कोणालाही वाटेल. पण तो जवळचा निघाला आपल्या सूंसला. सूंसच्या कपाळावर हाडाचे दोन कंगोरे असतात, ते आवाजाचा झोत एका दिशेला वळवतात. पेरूच्या कवटीवरही तसे कंगोरे आहेत.

याचा अर्थ असा की, हे घराणं एके काळी जगभरच्या समुद्रांत नांदत होतं. त्यातले काही निरनिराळ्या खंडांवर नद्यांत शिरले. एका मतानुसार, समुद्राची पातळी वाढलेली असताना गंगा-सिंधूच्या सखल मैदानात खारं पाणी आत आलं होतं. त्यासोबत आलेले डॉल्फिन पाणी ओसरल्यावर नद्यांतच राहिले. समुद्रातले भाऊबंद नवे, चपळ डॉल्फिन आल्यावर हळूहळू संपले. ॲमेझॉनमधले संपले. भारतीय उपखंडातले तेवढे राहिले.

जगभर पसरलेलं कूळसुद्धा असं आक्रसत जातं. चीनच्या यांगत्से नदीतला बाइजी हा डॉल्फिन वेगळ्या घराण्यातला. पण २००६ मध्ये शोधपथकाने नदी पालथी घातली, तेव्हा एकही दिसला नाही. जाळी, बोटींची वर्दळ, धरणं यांनी काही दशकांत काम संपवलं.

भारताने २००९ मध्ये गंगेच्या डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर ठरवलं. आठ राज्यांतल्या २८ नद्यांमधून केलेल्या मोजणीचा अहवाल मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण संख्या ६,३२७. त्यातले सिंधू जातीचे भारतात फक्त तीन, तेही पंजाबातल्या बियास नदीत. गंगेचे ६,३२४ ही संख्या दिलासा देणारी आहे, पण मादी दोन-तीन वर्षांतून एखादंच पिल्लू देते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यासारख्या अडथळ्यांनी त्यांचे गट तोडले आहेत. आणि डॉल्फिन सस्तन प्राणी असल्यामुळे जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर तो पाण्यातच गुदमरून मरतो.

गंगा आपल्यापासून लांब आहे, हे खरं. पण हर्णे, मुरूड, तारकर्ली इथे पर्यटक जे डॉल्फिन बघायला जातात, ते पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिनही किनारा आणि खाडीमुखं सोडून फारसे दूर जात नाहीत. माणसाची जाळी, बोटी आणि सांडपाणी नेमकं तिथेच असतं. त्यांना बघायला बोटीत बसाल, तेव्हा तांडेलाला इंजिन मंद ठेवायला सांगा आणि डॉल्फिनचा पाठलाग करू नका. ऐकून ऐकून वाट काढणाऱ्या प्राण्याला आपल्या इंजिनाचा गोंगाट किती जाचत असेल, याचा विचार करायला फार शास्त्र शिकावं लागत नाही.