वेगाचा हिशेब

मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेमबद्दल एका कवीने काय बोलावे, असे तुम्हाला वाटेल. पण आमच्या नेरूळमध्ये हे खेळ खेळणारी मुले अठराव्या वर्षी लायसन्स काढून पाम बीच रोडवर येतात. म्हणून हे खेळ आतून कसे चालतात, ते आपण मोठ्यांनीही समजून घ्यायला हवे.

या खेळांची दोन घराणी आहेत. पहिले आर्केडचे, म्हणजे निव्वळ मौजेचे. १९८६ चा ‘आउट रन’ आणि १९९१ चा ‘रोड रॅश’ त्यातले. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत ‘रोड रॅश’ने एक पिढी रमवली. त्यात आपटलेला स्वार उठून मोटारसायकलकडे धावतो आणि पुन्हा शर्यतीत शिरतो. दुसरे घराणे खऱ्या गाडीशी इमान राखणारे. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या ‘ग्रान तुरिस्मो’त मोठ्या स्पर्धांआधी लायसन्सच्या परीक्षा असत. ठरल्या जागी गाडी थांबवणे, हाच त्यातला पहिला धडा.

दोहोंतला मुख्य फरक टायरचा. टायरची पकड म्हणजे ठरलेला पगार समजा. त्यातूनच ब्रेक लावायचा, त्यातूनच वळायचे. सगळा ब्रेकवर खर्च केला, तर वळायला काही उरत नाही. गाडी सरळ जाते. आर्केड खेळ हा पगार सढळ हाताने वाढवून देतो. दुसरा पैपैचा हिशेब ठेवतो.

२०१२ साली सुरू झालेली ‘फोर्झा होरायझन’ ही ब्रिटिश मालिका मधला मार्ग काढते. टायरचा हिशेब बराचसा खरा; पण सोबत मदतनीस. रस्त्यावर रंगीत रेघ दिसते, ती लाल झाली की ब्रेक लावायचा. चुकलेच, तर बटण दाबून काही क्षण मागे जाता येते. या सोयी हव्या तेवढ्या बंदही करता येतात. नवखा वैतागत नाही, मुरलेला कंटाळत नाही. गझलेत वृत्त सांभाळून बोलण्यातला सहजपणा राखावा लागतो, तशातलाच हा तोल.

माझा भाचा मध्यंतरी म्हणाला, “मामू, ब्रेक कधी मारायचा ते मला गेमनं शिकवलंय.” मी त्याच्यासमोर कागद ठेवला. ताशी ६० किलोमीटरला ब्रेक लागल्यावर गाडी २० मीटरवर थांबत असेल, तर १२० ला ४० नव्हे, ८० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यातच गाडी ३३ मीटर पुढे जाते. तो बराच वेळ ते आकडे बघत राहिला.

खेळ हे गणित जाणतो. पण खुर्चीतल्या अंगाला त्याचा हिसका बसत नाही. तेव्हा घरी मूल असा खेळ खेळत असेल, तर रागावू नका, शेजारी बसा. मागे नेणारे बटण न वापरता एक शर्यत पुरी करायला सांगा. किती वेळा आपटतो, ते त्यालाच मोजू द्या.