हक्काचं घर (लेखांक ६) : शेजारच्या सोसायटीचा ताळेबंद

पगाराला पेलेल असा हप्ता कसा ठरवायचा, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. तो आकडा घेऊन पुण्यात घर शोधायला निघालं की कोथरूड, औंध, सहकारनगर ही नावं लगेच गळतात. यादीत उरतात वाघोली, केसनंद, मांजरी, पिसोळी, धायरी, नऱ्हे आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजूला मोशी, चऱ्होली, पुनावळे. जाहिरातींत यांना ‘डेव्हलपिंग एरिया’ म्हणतात. गावाकडून आलेलं, नवरा-बायको दोघंही नोकरी करणारं, वडिलोपार्जित छप्पर नसलेलं कुटुंब शेवटी इथेच घर घेतं. घेऊ नये असं मी मुळीच म्हणणार नाही. हडपसर, कात्रज, वारजे हीही एकेकाळी शहराबाहेरची गावंच होती. पण या भागात घर निवडण्याची रीत जुन्या वस्तीतल्यापेक्षा वेगळी आहे, आणि ती कुणी सांगत नाही.

आधी या गावांची गोष्ट थोडक्यात. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली, जून २०२१ मध्ये आणखी २३. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, पिसोळी ही त्या दुसऱ्या खेपेतली. महापालिकेचं क्षेत्रफळ मुंबई महापालिकेपेक्षा मोठं झालं. केसनंद अजून हद्दीबाहेर, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही आत आलेली दोन गावं २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली गेली. पीएमआरडीएने २०२१ मध्ये आपल्या क्षेत्राचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला. म्हणजे कागदावर गाव शहरात येतं एका अधिसूचनेने. नळ, गटार, दिवाबत्ती आणि रस्ता यायला मात्र वर्षं जातात. बिल्डर भाव सांगतो तो आलेल्या अधिसूचनेचा, आणि आपण राहणार असतो न आलेल्या नळाबरोबर.

म्हणून माझं सांगणं एका वाक्याचं आहे: जे आज नाही, त्याचे पैसे आज देऊ नका. येऊ घातलेला रस्ता, येऊ घातलेलं पाणी, येऊ घातलेली मेट्रो, सगळं शून्य धरून हिशोब करा. तरीही घर परवडत असेल आणि रोजचं जगणं निभत असेल, तरच ते स्वस्त.

आता हा हिशोब मांडायचा कशावरून? नमुना फ्लॅट पाहून काहीच कळत नाही. पाहायचा तो त्याच रस्त्यावरच्या, पाच-सात वर्षांपूर्वी ताबा दिलेल्या सोसायटीचा वार्षिक अहवाल. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते आणि हिशोबपत्रकं सभासदांना मिळतात. ती गुप्त नसतात. तिथला एखादा फ्लॅट विकायला असेल तर तो पाहायला जा आणि मालकाकडे अहवाल मागा. नसेल तर सेक्रेटरींना भेटून सरळ सांगा की आम्ही शेजारी घर घेतोय. लोक मोकळेपणाने बोलतात, कारण सोसलेलं सांगायला प्रत्येकालाच माणूस हवा असतो. अहवालात चार ओळी शोधा: टँकर, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची (एसटीपी) देखभाल, जनरेटरचं डिझेल आणि सभासदांची थकबाकी. या चार ओळींत त्या भागातलं तुमचं पुढचं आयुष्य लिहिलेलं असतं.

पाण्यापाशी जरा थांबू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं असं नियोजनात धरतात. चार माणसांचं कुटुंब म्हणजे ५४० लिटर. शंभर फ्लॅटची सोसायटी म्हणजे रोज ५४ हजार लिटर, म्हणजेच दहा हजार लिटरचे पाच ते सहा टँकर. एका टँकरला समजा १,००० रुपये पडले आणि सगळं पाणी टँकरचंच असलं, तर महिन्याला १ लाख ६२ हजार रुपये. प्रत्येक घराच्या वाट्याला १,६२० रुपये, तेही नेहमीच्या मेंटेनन्सच्या वर. आता हा आकडा हप्त्याशेजारी ठेवा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर एक लाखाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये होतो. म्हणजे टँकरच्या पैशांत तुम्ही जवळजवळ १ लाख ८६ हजारांचं जास्तीचं कर्ज फेडू शकला असता. नळाचं पाणी असलेलं घर एवढ्या रकमेने महाग असेल, तर खर्चाने दोन्ही घरं सारखीच. फरक असा की वीस वर्षांनी कर्ज संपतं. टँकर संपेलच असं नाही, आणि त्याचा दर दर उन्हाळ्यात वर जातो.

पाण्याची आणखी एक बाजू कागदाची. नळयोजना न पोचलेल्या भागात बांधकामाची परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं: सरकारी पाणी येईपर्यंत पाणी पुरवण्याची जबाबदारी माझी. प्रत्यक्षात सोसायटी स्थापन होते, कारभार सभासदांच्या हाती येतो आणि टँकरचं बिल त्याच्याबरोबर येतं. ही हमीपत्रं पाळली जात नाहीत, आणि पाळायला लावणारी यंत्रणाही ढिली आहे, याचा मला मनापासून संताप आहे. घेणारा तीस-चाळीस लाख मोजतो आणि मे महिन्यात बादल्या मोजतो. म्हणून बुकिंगआधी हमीपत्राची प्रत मागा, आणि नोंदणीकृत करारनाम्यात तो मजकूर घालायचा आग्रह धरा. बिल्डर नाही म्हणाला तर निदान आत्ताच कळलं. साइटवर जायचं तर शक्यतो एप्रिल-मेमध्ये, सकाळी सहा-सातला जा. टँकर तेव्हाच रिकामे होत असतात. ड्रायव्हरला विचारा, या गल्लीत किती खेपा होतात.

आता मेट्रो. वाघोलीच्या जाहिरातींत सध्या मेट्रो सगळ्यात वर आहे. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी जून २०२५ मध्ये मिळाली, हे खरं आहे. पण पहिल्या टप्प्याचा अनुभव आठवा: केंद्राची मंजुरी डिसेंबर २०१६ मध्ये, पहिली गाडी धावली मार्च २०२२ मध्ये, आणि वनाझहून निघालेली मार्गिका रामवाडीला पोचली मार्च २०२४ मध्ये. सव्वासात वर्षं. या वेळी लवकर होवो. तरी तुमचं मूल आज पहिलीत असेल तर त्याची बरीचशी शाळा नगर रस्त्यावरच्या गर्दीतूनच होईल असं धरा. सोमवारी सकाळी साडेआठला त्या घरापासून तुमच्या ऑफिसपर्यंत दुचाकीवर किंवा पीएमपीने जाऊन पाहा. रविवारी दुपारी साइट पाहणाऱ्याला हा रस्ता खोटा दिसतो.

मुख्य रस्त्यापासून इमारतीपर्यंतचा पोहोचरस्ता तर वेगळाच तपासायला हवा. तो नकाशात ‘प्रस्तावित’ आहे की ताब्यात आलेला आहे? कित्येक ठिकाणी तो शेजारच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असतो आणि दोघांत वाद झाला की एका सकाळी तिथे पत्रे ठोकलेले असतात. विकास आराखडाच रद्द झालेल्या भागात ‘डीपी रोड येणार आहे’ या वाक्याला आधार कुठल्या नकाशाचा, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पूररेषेचं थोडक्यात सांगतो. जलसंपदा विभागाची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं, ते शहराच्या चांगल्या नांदत्या भागात. नवीन वस्तीत नदीपेक्षा ओढे जास्त दगा देतात, कारण ते बुजवायला सोपे असतात. पाच-सहा महिने कोरडी दिसणारी, इमारतीमागून जाणारी चर म्हणजे काय, ते गावातल्या जुन्या माणसाला विचारा. फुरसुंगी-उरुळीकडे पाहत असाल तर कचरा डेपो किती अंतरावर आणि वारा कुठून वाहतो, तेही.

पैशांचा हिशोब करताना एक बारकावा फार जणांच्या नजरेतून सुटतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी दोन दरांचा आहे: परवडणाऱ्या घराला १ टक्का, इतर घरांना ५ टक्के. ‘परवडणारं’ ठरायला किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट क्षेत्र महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत हवं. या नियमातल्या महानगरांच्या यादीत मुंबई महानगर प्रदेश आहे, पुणे नाही. म्हणजे पुण्यात जवळजवळ ९६८ चौरस फूट कार्पेटपर्यंतचं घर यात बसतं. मात्र ४५ लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, मजल्याचे जादा पैसे हे सगळं धरलं जातं. ४४ लाखांच्या फ्लॅटवर २ लाखांचं पार्किंग चढवलं की रक्कम ४६ लाख होते आणि जीएसटी ४४ हजारांऐवजी २ लाख ३० हजार. भावाची बोलणी करताना ही सीमारेषा डोळ्यांसमोर ठेवा.

एक साधं उदाहरण. फ्लॅट ४२ लाखांचा. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे ३३ लाख ६० हजार. पदरचे ८ लाख ४० हजार. त्यावर महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क २ लाख ९४ हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ४२ हजार. हातात १२ लाखांहून अधिक रोख हवी, आणि अजून पंखेही लागलेले नाहीत. घर फक्त पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते.

कागदपत्रांबद्दल पहिल्या लेखांकांत बोललो आहोत, पण इथे एक भर घालणं भाग आहे. महारेराचा नंबर पाहिला की आपण निश्चिंत होतो. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या परवानगीची बनावट कागदपत्रं देऊन तो नंबर मिळवला होता, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. राहणाऱ्यांनी बँकेचं कर्ज काढूनच ती घरं घेतली होती. तेव्हा महारेराच्या संकेतस्थळावरचं बांधकाम परवानगीपत्र उतरवून घ्या आणि त्याचा क्रमांक महापालिकेच्या किंवा पीएमआरडीएच्या बांधकाम विभागात जाऊन जुळवा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत फ्लॅटचे प्रकल्प महारेराच्या नोंदणीतून वगळलेले आहेत. दोन-तीन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या चार मजली इमारती याच फटीतून येतात. भाव निम्मा असतो आणि राष्ट्रीयीकृत बँक कर्जाला नकार देते. बँकेचा नकार हा फुकट मिळालेला कायदेशीर सल्ला समजा.

या सगळ्यावरून माझं मत तयार झालं आहे, ते स्पष्ट सांगतो. नव्याने वसणाऱ्या भागात पहिलं घर घेणाऱ्याने नवं बुकिंग करण्याआधी तिथलाच पाच-आठ वर्षांचा जुना फ्लॅट पाहावा. भोगवटापत्र आहे, सोसायटी नोंदलेली आहे, जीएसटी नाही, भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरायची पाळी नाही. पावसाळ्यात भिंत ओल धरते की नाही ते दिसतं, आणि टँकरचा आकडा अहवालात छापलेला असतो. क्लबहाऊस चकचकीत नसेल. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे ती सोसायटीच्या नावावर होणं, झालं आहे का एवढं मात्र विचारा. झालं नसेल तर सभासद मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करायला तयार आहेत का, ते पाहा.

आणि नवंच घ्यायचं ठरलं, तर नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं १३ वं कलम आहे. ‘आज भरा, उद्या भाव वाढणार’ म्हणून कुणी २० टक्के मागत असेल तर उठून या. करारनाम्यातली बाकीची कलमं, विशेषतः ताबा लांबल्यास मिळणारं व्याज, पुढच्या आठवड्यात एकेक करून वाचू.