ऐतिहासिक नाटकातील शृंगार आणि सूड : ‘घाशीराम कोतवाल’चा विचार

शृंगार आणि सूड यांचे एकत्र येणे नाट्यवाङ्मयाला नवीन नाही. परंतु ते सहज साधणारेही नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त शृंगाराच्या विरोधी रसांत रौद्राची गणना केली आहे. भट्टनारायणाचे ‘वेणीसंहार’ हे संस्कृतातील प्रख्यात सूडनाटक. त्याच्या दुसऱ्या अंकात वीरांचा संहार चालू असता दुर्योधन व भानुमती यांचा प्रणय रंगविला आहे, आणि मम्मटाने रसदोषांच्या विवेचनात नेमके हेच स्थळ अनवसरी विस्ताराचे उदाहरण म्हणून दिले आहे. शृंगार सूडकथेत नुसता शेजारी ठेवून चालत नाही. सूडाशी त्याचे कार्यकारणाचे नाते असावे लागते, हा या आक्षेपाचा मथितार्थ होय.

हे नाते सामान्यतः एकाच साच्याचे आढळते. स्त्रीचा अवमान हे कारण आणि सूड हे त्याचे कार्य. ‘वेणीसंहारा’त द्रौपदीचे मोकळे केस भीमाच्या प्रतिज्ञेला कारण होतात. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘कीचकवधा’त (1907) सैरंध्रीविषयीची कीचकाची वासना त्याच्या वधाला कारण होते. प्रेक्षकांनी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन पाहिला आणि 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. पौराणिक कथेतला सूड वर्तमान राजकारणाची भाषा बोलू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झाले.

विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचे वैशिष्ट्य असे, की त्यात हा साचा उलटा केला आहे. त्याचा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे व नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. नाना फडणविसाची भूमिका मोहन आगाशे यांनी केली.

प्रथम इतिहास पाहावा. घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडून आलेला उत्तरहिंदुस्थानी ब्राह्मण. तो 1777 मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. 1791 च्या ऑगस्टअखेरीस त्याने कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले. त्यावरून क्षोभ उसळला, आणि 31 ऑगस्ट रोजी जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. 1863 मध्ये मोरोबा कान्होबा यांनी त्याच्या नावाचे पुस्तकही लिहिले. सत्तेचा बेबंद वापर, त्यातून अनर्थ व त्याचे प्रायश्चित्त, एवढाच या हकीकतीचा सांगाडा आहे. त्यात सूडाची प्रेरणा नाही आणि प्रणयकथाही नाही.

या दोन्ही गोष्टी नाटककाराने घातल्या. नाटकातील घाशीराम बावनखणीतील गुलाबीच्या पदरी राहतो. दक्षिणेच्या वेळी त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो. मार व कैद भोगून तो पुण्यावर सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो. नानाची नजर ललितागौरीवर पडताच घाशीराम आपली ही मुलगी त्याच्या हवाली करतो आणि मोबदल्यात कोतवाली मिळवितो. अन्य सूडनाटकांत स्त्रीच्या अवमानातून सूड जन्मतो. येथे सूडासाठी स्त्रीचा अवमान विकत दिला जातो. शृंगार हे कारण नसून चलन आहे. लावणी आणि कीर्तन यांची मिसळण, तसेच ब्राह्मणांच्या रांगेची गाती-नाचती मानवी भिंत, ही तंत्रेही याच अर्थाला पूरक ठरतात. भिंत कधी आड करते, कधी उघडे करते. वासना व पावित्र्य यांमधला पडदा माणसांचाच असतो.

या ठिकाणी एका चिनी नाटकाची तुलना उद्बोधक ठरेल. तेराव्या शतकात, युआन काळात, जी च्युनश्यांग याने लिहिलेल्या ‘झाओ कुळातील अनाथ बालक’ या नाटकात एक वैद्य झाओ कुळाचा शेवटचा अंकुर वाचविण्यासाठी स्वतःचे अर्भक मृत्यूच्या स्वाधीन करतो. पुढे वीस वर्षांनी तो अनाथ मुलगा कुळाचा सूड उगवितो. अपत्याचा बळी दोन्हीकडे आहे. तेथे मात्र तो परक्याच्या कुळासाठी व निष्ठेपोटी दिला जातो; घाशीराम तो स्वतःच्या सत्तेसाठी देतो. एकाच कृतीने एकीकडे सूड धर्म ठरतो, दुसरीकडे व्यापार. मूळ चिनी नाटकात प्रणयाला स्थान नाही. व्होल्तेअरने 1755 मध्ये याच कथेवर फ्रेंच नाटक रचले, तेव्हा चंगीझखानाच्या मनात प्रेम घालून सूडाची धार क्षमेत विरघळविली. 2013 मध्ये या कथेवर चीनमध्ये दूरचित्रवाणी मालिकाही झाली. इतिहासकथेत प्रणय किती घालावा, हा प्रश्न देशकालाने संपत नाही, असे यावरून दिसते.

पुण्यात हा प्रश्न वाङ्मयीन राहिला नाही. नानासारख्या मुत्सद्द्याचे विकृत चित्र व ब्राह्मणांची निंदा झाली, असा आक्षेप आला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. कलावंतांनी बाहेर पडून 1973 मध्ये थिएटर अकॅडमी स्थापली आणि 1974 पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. 1980 मध्ये नाटक युरोपातही गेले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, ही तेंडुलकरांची भूमिका होती.

तथापि हे उत्तर अपुरे आहे. खऱ्या माणसांची नावे व खरी गावे घेतल्यावर इतिहासाचे ऋण नाकारता येत नाही. नानाच्या चारित्र्याविषयी हे नाटक पुरावा होऊ शकत नाही, हे अभ्यासकाने स्पष्टपणे मानले पाहिजे. परंतु कल्पित सूडाचे प्रयोजनही त्याने ओळखले पाहिजे. बखरीतला घाशीराम नुसता दुष्ट अधिकारी आहे. सूड दिल्यामुळे तो सत्तेने घडविलेला, वापरलेला आणि गरज सरताच जमावापुढे टाकलेला माणूस होतो. गौरी बाळंतपणात मरते, त्याचा जुलूम अनावर होतो. शेवटी दगड झेलताना मुलीच्या मृत्यूची शिक्षाच तो मागतो. प्रेमाचा खरा उच्चार नाटकात प्रथम येतो तो येथे, जेव्हा त्याचा काही उपयोग उरलेला नाही. ज्याच्या हुकमाने सूडाला शस्त्र मिळाले, तो नाना मात्र सुरक्षित राहतो. सूड पुरा होतो, न्याय होत नाही, हा भेद दाखविण्यासाठीच या नाटकात शृंगाराला सूडाच्या दावणीला बांधले आहे.