जुनीं मराठी अक्षरें नव्या संगणकावर

आजचा विषय प्रथमदर्शनीं यंत्रज्ञांचा वाटेल. परंतु ज्या घरांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं संगणकावर मराठी मजकूर लिहिला गेला, त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे.

माझ्या पत्नीनें आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या एका वहींत उतरून घेतल्या होत्या. १९९८ सालीं एका परिचितानें त्या संगणकावर लिहिल्या व पुढें सीडीवर उतरून दिल्या. रत्नागिरीच्या पावसाळी दमटपणानें वही कुजून गेली. आज पत्नीहि नाहीं. उरली ती एवढी सीडी. गतवर्षीं नातवानें ती नव्या संगणकावर उघडली, तों ओव्यांच्या जागीं इंग्रजी अक्षरें, टिंबें आणि कंस यांची नुसती खिचडी! ओव्या गेल्या, असेंच मला वाटलें. सुदैवानें तें खरें नव्हतें.

याचें कारण समजण्यास छापखान्याचा दृष्टान्त घेऊं. खिळे जुळविणाऱ्यापुढें खणांची पेटी असते. समजा, मजकुराऐवजीं त्यास केवळ खणांचे क्रमांक लिहून दिले. एका छापखान्याचे क्रमांक दुसऱ्याच्या पेटीवर चालविले, तर काय छापलें जाईल? संगणकाची रीत हीच आहे. तो अक्षर सांठवीत नाहीं, अंक सांठवितो; आणि त्या अंकाच्या खणांत जो आकार असेल तो दाखवितो. आकारांच्या या पेटीस फॉन्ट म्हणतात. इंग्रजी पहिल्या मोठ्या अक्षराचा अंक ६५ आहे. मराठीसाठीं मात्र अनेक कंपन्यांनीं इंग्रजीच्याच खणांत मराठी आकार भरले, आणि तेहि प्रत्येकीनें आपापल्या क्रमानें. ती विशिष्ट पेटी नसली, कीं खणांतील मूळ इंग्रजी अक्षरेंच पुढें येतात.

सर्वांचा क्रम एक असावा यासाठीं प्रयत्न झाले नाहींत, असें नाहीं. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं ‘इस्की’ हा संकेत प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तिच्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. युनिकोडांत ‘क’चा अंक २३२५, मग यंत्र पुण्याचें असो वा लंडनचें. परंतु हा संकेत घरोघर पोंचण्यास बरीच वर्षें लागलीं.

तर मग जुने अंक पुसून नवे घातले कीं झालें, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फॉन्टांत ती आधीं लिहीत. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो. त्यामुळें ‘स्थिति’ या शब्दांतील पहिली वेलांटी ‘स्थ’ या संपूर्ण जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते. रफाराचें याच्या उलट: ‘धर्म’ लिहितांना तो शेवटीं येतो, उच्चारांत ‘म’च्या आधीं. नागरीचीं हीं वळणें यंत्रास जड जातात, हें दुखणें जुनेंच आहे. रत्नागिरींत १९२४ ते १९३७ पर्यंत स्थानबद्ध असतांना स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला, त्यामागेंहि मुद्रण सुलभ करण्याचा हेतु होता.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तो फॉन्ट शोधून आणला. तो बसवितांच ओव्या दिसूं लागल्या. मग रूपांतराच्या साधनानें त्या युनिकोडांत आणल्या. एके ठिकाणीं मात्र ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला! त्या साधनास मराठींतील हा भेद ठाऊक नव्हता. कोंकणांत डोंगरांतील दऱ्याहि आहेत आणि दर्याहि आहे. अर्थावरून चूक पकडतां येईना. जुन्या फॉन्टांतील प्रतीशीं ताडून पाहिलें, तेव्हांच ती सांपडली.

म्हणून माझी विनंति इतकीच. मूळ फाइल निरुपयोगी समजून पुसूं नका. तिचा फॉन्ट तिच्याजवळच ठेवा. जुन्या फॉन्टांत मजकूर उघडून एक प्रत कागदावर छापून घ्या, आणि रूपांतरित मजकूर तिच्याशीं ओळीनें ताडून पाहा. विशेषतः वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरें.

आतां त्या ओव्या नातवाच्या मोबाइलवर आहेत. आपल्या कपाटांत अशी एखादी सीडी असेल, तर येत्या पावसाळ्यापूर्वीं ती उघडून पाहा.